नर्मदा परिक्रमा एकट्याने, पायी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नर्मदा परिक्रमा म्हणजे नदी न ओलांडता तिच्या दोन्ही तटांनी घातलेली पूर्ण प्रदक्षिणा. परिक्रमेहून आल्यापासून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एका जागी आणले आहेत. बसने किंवा गाडीने केल्या जाणाऱ्या परिक्रमेबद्दल इथे काही मिळणार नाही. एकट्याने, पायी चालू पाहणाऱ्यांसाठीच हे पान आहे. निघण्याआधी लोक वाघ, चोर आणि उपासमार यांची चौकशी करतात. रोज समोर येतात ते ओले मोजे, दुपारचे तीन आणि सोबत चिकटलेला माणूस.

१. नेमकं किती चालायचं असतं? किती दिवस लागतात?

अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही तट धरले की २६०० च्या वर जातं. प्रत्यक्षात त्याहून जास्त चालणं होतं, कारण बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर या धरणांच्या फुगवट्यांना वळसे घालावे लागतात आणि जुनी काठाची वाट बऱ्याच ठिकाणी पाण्याखाली आहे. परंपरेने मुदत तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. हल्ली बहुतेक जण रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालून चार ते सहा महिन्यांत पूर्ण करतात. एकट्याने चालणाऱ्याचा वेग जथ्यापेक्षा थोडा जास्तच पडतो. कुणासाठी थांबावं लागत नाही ना.

२. सुरुवात कुठून करायची? दिशा कशी लक्षात ठेवायची?

मैया, म्हणजे नर्मदा, कायम उजव्या हाताला. एवढं धरलं की पुरे. दक्षिण तटावर तोंड पश्चिमेला, उत्तर तटावर पूर्वेला. महाराष्ट्रातले बहुतेक जण ओंकारेश्वरला दक्षिण तटावर संकल्प सोडतात, काही अमरकंटकहून निघतात. ज्या घाटावर परिक्रमा उचलली तिथेच आणून पूर्ण करायची, म्हणून तत्त्वतः कुठूनही सुरू करता येते.

३. कोणत्या महिन्यात निघावं?

चातुर्मासात परिक्रमावासी एका जागी थांबतो, त्यामुळे चालण्याचा हंगाम कार्तिकी एकादशीनंतरचा. ओंकारेश्वरहून तेव्हा निघालात तर समुद्र थंडीत गाठता आणि अमरकंटकहून परतीचा दक्षिण तट उन्हात तापलेला मिळतो. थंडी हलक्यात घेऊ नका. अमरकंटक समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे आणि डिंडोरी-मंडलाकडच्या रात्री पुण्या-मुंबईच्या माणसाला चांगल्याच झोंबतात.

४. एकट्याला जाऊ देतात का? कागद काय लागतात?

जाऊ देतात, त्यात वेगळं काही नाही. आधार कार्ड जवळ ठेवा. ओंकारेश्वरला निघताना परिक्रमावासी असल्याचं प्रमाणपत्र मिळतं, ते जरूर घ्या. वाटेतल्या आश्रमांत त्यावर किंवा वहीत शिक्के घेतात. नव्या गावात रात्री दार वाजवणाऱ्या एकट्या माणसाकडे लोक आधी संशयानेच बघतात. तो संशय शिक्क्यांची वही दाखवली की जातो.

५. एकट्याचा दिवस नेमका कसा जातो?

पहाटे चारला आश्रमात कुणीतरी खोकतं, बादली वाजते, आरती सुरू होते. झोपायची इच्छा असली तरी झोपता येत नाही. स्नान, सोबतच्या बाटलीतल्या नर्मदाजलाची छोटी पूजा, चहा. थंडीच्या दिवसांत स्नानाच्या आधीची पाच मिनिटं दिवसातली सगळ्यात वाईट, आणि नंतरची सगळ्यात चांगली.

उजाडल्याशिवाय निघू नये. पहिले दोन तास पाय आपोआप चालतात. निमाडात कापूस आणि मिरचीची शेतं, नरसिंगपूरकडे उसाचे फड आणि गुऱ्हाळं. तिथे गरम गूळ हातावर ठेवल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. समोरून येणारा प्रत्येक जण ‘नर्मदे हर’ म्हणतो आणि तुम्ही उत्तर देता. घरी आठवड्यात जेवढ्या अनोळखी माणसांशी बोलत नाही तेवढ्यांशी इथे सकाळी दहापर्यंत बोलणं होतं, जरी ते दोन शब्दांचंच असलं तरी. नऊ-दहाच्या सुमारास कुठेतरी बालभोग मिळतो, म्हणजे चहा आणि पोहे किंवा शेव. बाराच्या आसपास भोजनप्रसादी.

खरी अवघड वेळ दुपारची तीनची. जेवण जड झालेलं असतं, ऊन तोंडावर, पुढचा आश्रम ‘बस, दो-तीन किलोमीटर’ असं सगळे सांगत असतात आणि ते दोन-तीन किलोमीटर संपत नाहीत. गावातला माणूस अंतर आपल्या पायांच्या हिशेबाने सांगतो, आणि त्याच्या पाठीवर ओझं नसतं. एकट्याने चालताना या वेळी हसवायला कुणी नसतं. तेव्हा निर्णय घेऊ नका. परत जायचं की नाही हे तर मुळीच ठरवू नका. झाडाखाली बूट-मोजे काढून अर्धा तास पडा.

चार-साडेचारपासून डोक्यात एकच विषय राहतो: आज आसन कुठे लावायचं, म्हणजे मुक्काम कुठे करायचा. सूर्यास्ताआधी ते लागलं पाहिजे. मग कपडे धुणं, दोरी बांधणं, संध्याकाळची आरती, जेवण, आणि आठला डोळे मिटलेले. रात्री दहापर्यंत जागणारा परिक्रमावासी मला क्वचितच दिसला.

६. मुक्काम कुठे? आश्रम भरलेला असला तर?

आश्रम, धर्मशाळा, देवळाचा ओटा, शाळेचा व्हरांडा, शेतकऱ्याची ओसरी. दारात पहिला प्रश्न येतो, ‘कितनी मूर्ति?’ चालणाऱ्यांची मोजणी तिथे मूर्तींत होते. ‘एक मूर्ति’ हे उत्तर म्हणजे एकट्याने चालण्याचा सगळ्यात मोठा व्यावहारिक फायदा. पंधरा जणांच्या जथ्याला नाही म्हणणारे सेवेकरी एकट्याला कोपरा काढून देतात. तरीही जागा नसेल तर पुढे चालत सुटू नका, त्याच गावात देऊळ किंवा शाळा विचारा. मुक्काम साधारण एका रात्रीचाच असतो. आजारी माणसाला थांबू देतात (प्रश्न १६).

७. रोज जेवायला मिळतंच का?

जवळपास नेहमी. काही ठिकाणी तयार जेवण, काही ठिकाणी सदाव्रत, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ, मीठ हातात देतात आणि आपण शिजवायचं. म्हणून छोटं पातेलं आणि काडेपेटी ठेवा. एकट्याला डाळ, भाजी, पोळी असा थाट जमत नाही. खिचडी किंवा जाड टिक्कड, एवढंच. फुटाणे आणि गूळ कायम खिशात असू द्या.

८. पैसे किती जवळ ठेवायचे? कुणी पैसे दिले तर घ्यायचे का?

परंपरा सांगते की संग्रह करू नये. व्यवहार सांगतो की औषध, बूट आणि परतीचं तिकीट फुकट मिळत नाही. थोडी रोकड सुट्यात ठेवा, उरलेले खात्यात. वाटेत म्हातारी बाई दहाची नोट हातावर ठेवून पाया पडते, तेव्हा अंगाचं पाणी होतं. नको म्हणू नका, ती ते तुम्हाला देत नसते. पुढच्या आश्रमाच्या पेटीत टाका किंवा वाटेतल्या पोरांसाठी बिस्किटं घ्या.

९. पाठीवर काय घ्यावं?

सात-आठ किलोंच्या वर नको. अंथरूण, पांघरूण, दोन जोड कपडे, ताट-पेला, विजेरी, औषधं, दोरी, काठी, जलाची बाटली. काठी कुत्र्यांसाठी आणि नाल्यातल्या चिखलाचा अंदाज घेण्यासाठी. पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण काहीतरी वाटून टाकतो, तेव्हा महागाचं काही आणूच नका.

१०. पायांचं काय? फोड आले तर?

नवे बूट घालून निघू नका, निदान महिनाभर वापरलेले हवेत आणि नेहमीपेक्षा अर्धा-एक नंबर मोठे, कारण पाय सुजतात. फोड आला तर स्वच्छ केलेल्या सुईने कडेला टोचून पाणी काढा, कातडं सोलू नका, रात्री उघडं ठेवा, सकाळी पट्टी. मांड्या घासून सोलवटतात हे कुणी आधी सांगत नाही. पेट्रोलियम जेली रोज सकाळी लावा, दुखायची वाट न बघता. ओले मोजे पाठपिशवीला अडकवून चालता चालता वाळवा. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका आणि तळपाय रोज रात्री तपासा. तिथे जखम झाली तरी ती कळत नाही.

११. दिवसभर एकट्याने चालून वेड लागत नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

पहिले आठ-दहा दिवस डोक्यात शांतता मुळीच नसते. ऑफिसातली भांडणं, मेहुण्याने पाच वर्षांपूर्वी मारलेला टोमणा, राहून गेलेलं वीजबिल, सगळं आळीपाळीने येतं. एखादी जाहिरातीची चाल दिवसभर चिकटून बसते. लोकांना वाटतं नदीकाठी पाय ठेवला की मन निवळतं. आधी ते गढूळच होतं, वर्षानुवर्षं बुडाशी बसलेलं सगळं वर येतं. मग केव्हातरी विषय संपतात. त्याच त्याच भांडणाचा स्वतःलाच कंटाळा येतो आणि लक्ष बाहेर जातं: पलीकडच्या तटावरचा धूर, वाळूतले पक्ष्यांचे माग, आज मैया किती लांब आहे.

एकटेपणा जाणवतो तो चालताना नाही, संध्याकाळी. कपडे वाळत घालून झाले, जेवणाला तासभर आहे, आश्रमातले बाकी लोक आपापसात बुंदेली किंवा गुजराती बोलतायत, अशा वेळी. तेव्हा काम मागा. भाजी चिरा, अंगण झाडा, भांडी घासा. हातात काम आलं की पाच मिनिटांत कुणीतरी तुमचं गाव विचारतं.

घरी फोन दिवसातून एकदा, ठरल्या वेळी. शूलपाणीच्या झाडीत (प्रश्न १४) आणि डिंडोरीकडे नेटवर्क सलग नसतं, ते घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दोन दिवसांत शोधाशोध सुरू होते. दिवसभर निरोप आणि फोटो पाठवत राहिलात तर तुम्ही एकटे चाललाच नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

१२. वाटेत कुणी सोबत चिकटलं आणि नको असेल तर?

अवघड, पण रोजचं. चार दिवस एकत्र चाललं की दोघांची बोलणी आणि आश्रम एक होतात. भांडण होण्याआधी वेगळं व्हा. ‘बाबाजी, आप आगे बढ़िए, मैं आज यहीं आसन लगाऊँगा’ हे वाक्य सगळ्यांना कळतं आणि कुणी रागवत नाही. उलट काही टप्पे सोबतीनेच करावेत, ते प्रश्न १४ मध्ये.

१३. बाईने एकटीने जावं का?

जातात, आणि पूर्ण करून येतात. चालून आलेल्या बायकांनी सांगितलेलं इथे देतो. ‘माताराम’ म्हणून आदर मिळतो आणि बहुतेक गावं स्वतःहून काळजी घेतात. तरी मुक्काम दुपारी चारलाच ठरवावा, जिथे कुटुंब राहतं ती जागा निवडावी, गावात शिरल्यावर आधी घरातल्या बाईशी बोलावं. रिकाम्या आश्रमात एकट्या पुरुषाबरोबर रात्र काढायची वेळ आली आणि मन मागे ओढत असेल, तर भीड न बाळगता गावात जाऊन ओसरी मागावी. उद्या कुठे पोचणार हे वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटू नये.

पाळीचं विचारतात. जुन्या रिवाजात त्या दिवसांत थांबायचं आणि पूजा करायची नाही. आज पुष्कळ जणी चालतात आणि फक्त पूजा बाजूला ठेवतात. कुठे काय पाळतात हे त्या त्या आश्रमातल्या बायका सांगतात. सॅनिटरी पॅड मोठ्या गावातच भरून घ्यावेत.

१४. शूलपाणीच्या झाडीत अजून लुटतात का?

पूर्वी लुटत, लंगोटीवर सोडत. तो परिक्रमेचा भागच मानला जाई. आता तशी परिस्थिती नाही. झाडीचा मोठा भाग आणि जुनं शूलपाणेश्वराचं मंदिर सरदार सरोवरात गेलं, नवं मंदिर गोरा गावात आहे. डोंगरातल्या पाड्यांवर आज परिक्रमावासींना जेवू घालणारी भिल्ल कुटुंबं आहेत, आणि वाटेत पोरं गोळ्या-बिस्किटं मागायला आडवी येतात, तेवढीच ‘लूट’.

खरी अडचण वाटेची आहे. बडवानीनंतर चढउतार मोठे, पायवाटा फुटतात, पाणी कमी, नेटवर्क नाही. नंदुरबारच्या धडगाव भागातले डोंगर इथेच लागतात. हा टप्पा दोघा-तिघांच्या सोबतीने करा किंवा पाड्यावरचा माणूस वाट दाखवायला घ्या. गुडघे दुखत असतील तर डांबरी रस्ता आहे: शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा आणि पुढे गुजरात. त्यात कमीपणा काही नाही, पण मैया बरेच दिवस दिसत नाही, हे मात्र लागतं मनाला.

१५. जनावरांची भीती किती?

सगळ्यात जास्त त्रास गावातल्या कुत्र्यांचा. अमरकंटकच्या सालवनात अस्वलं आहेत, म्हणून तिथे अंधारात चालू नये. नर्मदेत मगरी आहेत. जिथे गावकरी आंघोळ करतात तिथेच उतरा. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये असा जुना नियम आहेच, तो इथेही कामाला येतो.

पाण्याबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. कोरड्या पात्रात, वाळूत आसन लावू नका. धरणातून पाणी सोडलं की पातळी अचानक चढते. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला जत्रेला जमलेले अनेक भाविक अशाच सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. भोंगा ऐकू आला तर सामान आवरत बसू नका.

१६. आजारी पडलो, किंवा घरी कुणी गेल्याचा फोन आला तर?

जुलाब आणि ताप हे नेहमीचे. मीठ-साखर-पाणी घ्या, एक-दोन दिवस थांबा, आश्रमात सांगा. एकट्याने आजारपण लपवलं तर कुणाच्या लक्षातच येत नाही. दवाखान्यात गाडीने जावं लागलं तर त्याच तटावरच्या दवाखान्यात जा आणि जिथून गाडीत बसलात तिथेच येऊन पुढे चाला. बहुतेक जण हे मान्य करतात. जीवाचा प्रश्न असेल तर तट-बिट बघू नका.

घरच्या मृत्यूचं उत्तर तुम्ही कुठे आहात यावर ठरतं. दक्षिण तटावरून महाराष्ट्रात जायला नर्मदा ओलांडावी लागत नाही, म्हणून काही जण जाऊन येतात आणि त्याच जागेवरून पुढे निघतात. उत्तर तटावरून घरी यायचं तर ओलांडावीच लागते आणि परिक्रमा खंडित होते. कडक परंपरेत दोन्ही खंडितच. निघण्याआधी घरात बसून यावर बोलून घ्या. फोन आल्यावर ते बोलणं होत नाही.

१७. कोणतं पाणी ओलांडलं तर चालतं? चुकून पुलावर गेलो तर?

उपनद्या ओलांडता येतात, नाहीतर परिक्रमा शक्यच नाही. तवा मोठी आहे, बांद्राभानच्या संगमापासून पुलापर्यंत आत चालत जावं लागतं. कालव्यांबद्दल वाद घालणारे भेटतात, कारण त्यात नर्मदेचंच पाणी. पण सरदार सरोवराचा मुख्य कालवा उत्तर तटावरूनच निघतो. तो न ओलांडता तिलकवाडा-गरुडेश्वर भागातून पुढे पूर्वेला जायचं कसं? कालवा मोजत नाहीत.

मैयाची मुख्य धार मात्र नाही, तिच्यातली बेटंही नाहीत. म्हणूनच ओंकारेश्वरचं ज्योतिर्लिंग, जे मांधाता बेटावर आहे, परिक्रमा चालू असताना करता येत नाही. दक्षिण तटावरच्या ममलेश्वराचं दर्शन घ्या.

मोबाइलच्या नकाशावर विसंबू नका. तो जवळचा रस्ता दाखवतो आणि जवळचा रस्ता बऱ्याचदा पुलावरून जातो. पुलावर पाय टाकण्याआधी गावातल्या माणसाला ‘परिक्रमा का रास्ता’ विचारा, नुसता रस्ता नको. तरीही ओलांडलीच गेली तर जवळच्या आश्रमातल्या जाणत्याला विचारा. प्रायश्चित्त सांगणारे आहेत, पुन्हा सुरुवात कर म्हणणारेही आहेत.

१८. समुद्र कसा ओलांडतात?

दक्षिण तटावर विमलेश्वर-कटपोरच्या बाजूने नाव सुटते आणि उत्तर तटावर मिठी तलाईला उतरवते. वेळ भरतीवर ठरते, त्यामुळे कधी मध्यरात्रीही निघावं लागतं, कधी दिवसभर थांबावं लागतं. एकट्याला सहसा जागा मिळून जाते. काही तास उघड्यावर बसायचं आहे, कानटोपी आणि पिण्याचं पाणी हाताशी ठेवा. दुसरं टोक अमरकंटक. तिथे माई की बगियाकडून उगमाला वळसा घालून तट बदलतो.

१९. देवावर विश्वास नाही. तरी गेलो तर चालेल?

वाट अडवणारं कुणी नाही. पण तुम्हाला जेवू घालणारा तुमच्या बाटलीतल्या जलाला नमस्कार करतो, त्याच्या अंगणात बसून वाद घालू नका. नुसतं निसर्ग बघायचा असेल तर स्वखर्चाने राहा-जेवा. आश्रमाचा घास घ्यायचा तर आश्रमाची शिस्त पाळा.

२०. मैया दर्शन देते, अश्वत्थामा भेटतो, हे खरं का?

भेटल्याचं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला भेटले ते शेतकरी, शिक्षक आणि ट्रॅक्टरवाले. ऐन भुकेच्या वेळी परकरातल्या मुलीने भाकरी आणून दिली तर तिला काय म्हणायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

२१. इतके महिने सुट्टी नाही. दुसरं काही?

चैत्रात गुजरातमध्ये रामपुरा-तिलकवाडा इथे उत्तरवाहिनी परिक्रमा होते, जिथे नर्मदा उत्तरेकडे वळते. एका दिवसात होते, त्यात मैया ओलांडतात. गर्दी प्रचंड, त्यामुळे एकट्याने चालण्याचा अनुभव तिथे मिळत नाही. तो हवा असेल तर दरवर्षी पंधरा दिवस काढून टप्प्याटप्प्याने चाला. सलगतेचा नियम त्यात मोडतो, पण प्रश्न ५ मधला दिवस तसाच मिळतो.

२२. संपवताना काय करायचं असतं?

ज्या घाटावर संकल्प सोडला तिथे पूजा, कन्यापूजन आणि कढई, म्हणजे शिऱ्याचा प्रसाद. एकट्याला कढई करून वाटायची कुठे हा प्रश्न पडतो; आश्रमात सांगितलं की शिधा घेऊन तेच करून देतात आणि कन्याही गोळा करतात. त्यानंतर ओंकारेश्वराच्या बेटावर जाऊन बाटलीतलं जल वाहायचं. सोमवारी रांग फार मोठी असते. एक दिवस मुक्काम वाढवा आणि मंगळवारी पहाटे जा.